माहितीच्या पाण्याला दारे धरू या



पाटाचे पाणी शेतात आले म्हणजे शेतकरी काय करतो, ते आपणांला सांगावयास नको. तो फावडे घेऊन वाफ्याच्या तोंडाशी उभा राहतो. एक वाफा भरला की त्याचे तोंड मातीने बंद करतो आणि पुढच्याचे उघडतो. याला आपण दारे धरणे म्हणतो. रात्रीची पाळी असो, थंडी असो, हे काम चुकत नाही. कारण पाण्याला पीक कळत नाही, त्याला फक्त उतार कळतो. कोणत्या वाफ्याला किती पाणी हवे, हे दारे धरणाऱ्या माणसालाच पाहावे लागते.

आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे ते अशाच एका पाण्याविषयी. हे पाणी मोबाईलमधून येते. रात्रंदिवस येते, पाळीवाचून येते, आणि बहुतेक घरांत त्याला दारे धरणारे कोणी नसते. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, युट्यूब, इन्स्टाग्राम ही नावे आता वाडीवस्तीवरही सर्वांना ठाऊक आहेत. त्यांतून येणारी माहिती वाईटच असते, असे माझे म्हणणे मुळीच नाही. बाजारभाव कळतो, कपाशीच्या पानाचा फोटो पाठवून रोगाविषयी विचारता येते, दूर नोकरीला असलेल्या मुलाचे तोंड रोज पाहता येते. पाणी चांगलेच आहे. प्रश्न आहे तो दारे धरण्याचा.

थोडे मागे जाऊन पाहू. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. मराठीतले हे पहिले वृत्तपत्र. आरंभी ते पंधरा दिवसांनी निघे, पुढे आठवड्याने निघू लागले. त्यानंतर दैनिके आली, रेडिओ आला. त्या काळी बातमीची वाट पाहावी लागे. एका गावात एक अंक आला, तर तो पारावर मोठ्याने वाचला जाई आणि त्यावर चार दिवस बोलणे चाले. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. रेडिओचे बातमीपत्र दहा मिनिटांत संपते आणि बातम्या संपल्या असे निवेदक सांगतो. मग आपण उठून आपल्या कामाला लागतो. म्हणजे त्या माहितीला आरंभ होता, शेवट होता, आणि तिची निवड करणारा संपादक नावाचा एक जबाबदार माणूस होता.

मोबाईलवरच्या माहितीला यांपैकी काही नाही. फेसबुक उघडले की चित्रे, बातम्या, विनोद, जाहिराती यांची एक रांग दिसू लागते. बोटाने वर सरकवावे तो खालून नवे येते. या रांगेला फीड म्हणतात. इंग्रजीत याच शब्दाचा दुसरा अर्थ जनावरापुढे टाकावयाचे खाद्य असा आहे. फेसबुकने ही पद्धत २००६ च्या सप्टेंबरात सुरू केली. त्याच वर्षी आझा रास्किन नावाच्या अमेरिकेतल्या एका रचनाकाराने अशी युक्ती काढली की, पान संपून पुढचे पान उघडण्याची गरजच उरू नये; वाचणारा खाली पोचण्याआधीच पुढचा मजकूर येऊन बसावा. सोय म्हणून काढलेल्या या युक्तीने लोकांचा किती वेळ जातो हे पाहून पुढे त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली. गव्हाण रिकामीच होऊ नये, अशी ती व्यवस्था आहे.

आता प्रश्न असा की, या रांगेत पुढे काय यावे हे कोण ठरवतो? बहुतांशी यंत्र ठरवते. आपण कोठे थांबलो, काय दोनदा पाहिले, कशावर रागावून चार शब्द लिहिले, याची नोंद ठेवली जाते आणि त्याच जातीचा मजकूर पुढे धाडला जातो. यात यंत्राला आपल्याविषयी प्रेमही नाही आणि वैरही नाही. या कंपन्या आपल्याकडून पैसे घेत नाहीत. त्यांची मिळकत प्रामुख्याने जाहिरातींवर चालते. आपण जितका वेळ पडद्याकडे पाहू तितक्या जाहिराती जास्त दिसणार. म्हणून आपल्याला उपयोगी काय, यापेक्षा आपण खिळून कशाने राहू, हे आधी पाहिले जाते. पाण्याला उतार कळतो म्हणतात, तसेच हे आहे. आपल्या मनाचे उतार, म्हणजे भीती, राग, उत्सुकता, हे त्या यंत्राला चांगले ठाऊक झालेले असतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांचा प्रकार थोडा निराळा आहे. तेथे यंत्र निवडत नाही, आपलीच माणसे पाठवतात. परंतु लोंढा तोच. शाळामास्तरांचेच उदाहरण घेऊ. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, मुख्याध्यापकांचा, पोषण आहाराचा, पालकांचा, शिवाय भावकीचा आणि जुन्या वर्गमित्रांचा. समजा असे दहा ग्रुप आहेत आणि प्रत्येकात दिवसाला चाळीस संदेश येतात. म्हणजे चारशे संदेश झाले. एकेका संदेशाला पंधरा सेकंद धरली, तर सहा हजार सेकंद होतात. म्हणजे शंभर मिनिटे! रोजचा एक तास चाळीस मिनिटे. एवढ्या वेळात किती मुलांच्या वह्या तपासून होतील, याचा हिशोब शिक्षकांनीच करावा.

हर्बर्ट सायमन नावाचे एक अमेरिकन विद्वान होते. त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोबाईलचे नावही नव्हते तेव्हा, १९७१ साली, त्यांनी एक मर्म सांगून ठेवले. माहिती ही काही फुकट येत नाही, ती घेणाऱ्याचे लक्ष खर्ची पडते. म्हणून जेथे माहितीची रेलचेल होते, तेथे लक्षाचा दुष्काळ पडतो. हे आपल्याकडच्या माणसाला समजावयास अवघड नाही. पाणी नव्हते तेव्हा आपण पाण्यासाठी तळमळलो. कृष्णाकाठी, पंचगंगेच्या काठी, नीरेच्या कालव्यावर पाणी आले. ते उसाला मनसोक्त सोडले गेले, निचऱ्याकडे लक्ष राहिले नाही, आणि सोन्यासारख्या काळ्या जमिनी खारपड झाल्या. पाणी कमी पडून जमीन पडीक राहते, तशी पाणी जास्त होऊनही पडीक राहते. माणसाच्या मनाचेही तेच आहे.

मन खारपड होते म्हणजे नेमके काय होते? दोन गोष्टी होतात.

पहिली गोष्ट, कामाची माहिती बिनकामाच्या माहितीखाली गाडली जाते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख ग्रुपवर आलेली असते. पण तिच्यावर साठ शुभ सकाळ आणि वीस वाढदिवस येऊन पडलेले असतात. भारतीय हवामानशास्त्र विभागाचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ नावाचे अ‍ॅप तयार केले आहे. रानात असलेल्या माणसाच्या दृष्टीने हा इशारा म्हणजे जिवाचा प्रश्न. पण ज्याचा मोबाईल दिवसातून तीनशे वेळा वाजतो, तो तीनशे एकाव्या वेळी खिशातून बाहेर काढीलच, याची खात्री कोणी द्यावी?

दुसरी गोष्ट, लक्ष तुटते. धड्याच्या मध्यावर मोबाईल वाजला, तर तुटलेला धागा पुन्हा जुळावयास वेळ लागतो. मुलांचे तर फारच लवकर तुटते. आणि मुले शिकतात ती आपल्याकडे पाहून. बाप ताटावर बसून मोबाईल पाहत असेल, तर मुलाला पुस्तक वाच म्हणण्याचा त्याला अधिकार काय?

याहून गंभीर अशी तिसरी गोष्ट आहे, ती जरा सविस्तर सांगतो. घाईने येणाऱ्या लोंढ्यात खरे-खोटे पारखण्याची सवड राहत नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरल्या होत्या. १ जुलै २०१८ रोजी, बाजाराच्या दिवशी, तेथे पाच भिक्षेकरी आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे गरीब लोक, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. जमावाने त्यांना मुले चोरणारे समजून मारहाण केली आणि पाचही जण प्राणांस मुकले. त्यांनी कोणाचे मूल नेले नव्हते. अफवा पुढे धाडणाऱ्यांपैकी कितीकांनी ती लोकांना सावध करावे म्हणूनच धाडली असेल. परंतु पूर्वी गावात दवंडी पिटली जाई तेव्हा दवंडी देणारा कोण आणि त्याला कोणी पाठविले, हे सर्वांना ठाऊक असे. येथे दवंडी होती, पण ती देणाऱ्याला तोंड नव्हते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा घातली. पाच हा आकडा लहान वाटतो. शिक्षकांनी तो फळ्यावर मांडून दाखवावा. एकाने पाचांना, त्या पाचांनी प्रत्येकी पाचांना, असे केले तर पाचाचे पंचवीस, एकशे पंचवीस, सहाशे पंचवीस, तीन हजार एकशे पंचवीस, आणि सहाव्या पायरीला पंधरा हजार सहाशे पंचवीस! कंपनीची मर्यादा पुरी पडणारी नाही, हे यावरून उघड आहे. मर्यादा ज्याची त्याने घालावयाची आहे.

मग काय करावे? मोबाईल विहिरीत टाकून द्यावा काय? तसे करावयाचे कारण नाही. कालव्याला कंटाळून कोणी शेती सोडत नाही. चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पाळीची. कालव्यावर जशी शेजपाळी, तशी मोबाईललाही पाळी लावून घ्या. सकाळी कामाला लागण्यापूर्वी वीस मिनिटे, दुपारी दहा, संध्याकाळी वीस. ज्याची त्याची सोय वेगळी असेल, पण वेळ आधी ठरलेली असावी. मधल्या वेळात हात आपोआप खिशाकडे जाईल. आठ दिवस जरा जड जातील, पुढे अंगवळणी पडते. झोपताना मात्र मोबाईल उशाशी ठेवू नये. दुसऱ्या खोलीत नाहीतर फळीवर ठेवावा. गजरासाठी साधे घड्याळ मिळते.

दुसरी गोष्ट दारांची. वाजण्याचा मान कोणाला द्यावयाचा, हे आपण ठरवावे. घरच्यांचा फोन, दवाखाना, वीज आणि पाऊस यांचे इशारे, एवढ्यांना वाजू द्यावे. बाकीच्यांच्या सूचना बंद कराव्यात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एखादा ग्रुप आठ तास, आठवडाभर किंवा कायमचा मुका करता येतो. तो मुका केला हे दुसऱ्यांना कळत नाही, म्हणून कोणी रागवायचाही प्रश्न नाही. संदेश कोठे जात नाहीत. आपल्या पाळीला आपण ते पाहावेत. आपल्याला ग्रुपमध्ये कोणी घालावे, हेही सेटिंगमध्ये ठरवून ठेवता येते. घरात ज्यांना हे जमत नाही त्यांना शाळेतल्या मुलांनी करून द्यावे. आजोबांना दोन मिनिटांत करून देतील, बघा.

तिसरी गोष्ट निचऱ्याची. खारपड जमिनीत चर खणतात, जमिनीखालून भोके असलेले पाइप घालतात आणि साचलेले पाणी बाहेर काढतात. तसा महिन्यातून एक दिवस निचरा करावा. ज्या ग्रुपमधून सहा महिन्यांत एकही कामाची गोष्ट मिळाली नाही, त्यातून बाहेर पडावे. २०२२ पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ग्रुप चालविणाऱ्याला जाते, त्यामुळे भीड बाळगण्याचे कारण उरलेले नाही. फेसबुकने आणि इन्स्टाग्रामने त्याच वर्षी, आपण ज्यांना निवडले आहे त्यांचाच मजकूर क्रमाने पाहण्याची वेगळी सोय काढली. युट्यूबवर आपण काय पाहिले याची नोंद बंद केली, की पुढे ढकलले जाणारे व्हिडिओ पहिल्या पानावरून पुष्कळसे नाहीसे होतात. मग आपल्याला जे हवे ते आपण शोधून पाहावयाचे. वाण्याच्या दुकानात आपण यादी घेऊन जातो, तसे युट्यूबवरही यादी घेऊन जावे.

चौथी गोष्ट खात्रीची. दोन बाणांची खूण असलेला संदेश आला, तर तो निदान पाच हातांतून फिरून आलेला आहे असे समजावे. तो खोटाच असतो असे नाही. पण तो लिहिणारा माणूस आपल्या ओळखीचा नाही, एवढे नक्की. मग तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी सांगितले? केव्हाचे आहे? आणि मी हे पुढे धाडले नाही तर कोणाचे काही बिघडते काय? पूर येणार, धरणाचे दरवाजे उघडले, शाळेला सुट्टी आहे, असा संदेश असेल तर तलाठ्याला, ग्रामसेवकाला, शाळेला फोन करावा. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने २०१९ साली सरकारी कारभाराविषयीच्या खोट्या बातम्या तपासण्यासाठी वेगळी शाखा काढली, तिचाही उपयोग होतो. आणि खात्री झाली नाही, तर संदेश आपल्यापाशीच ठेवावा.

आता एक गोष्ट सर्व गावाने मिळून करावयाची. एकट्याने मोबाईल बाजूला ठेवणे कठीण जाते, कारण शेजारचा पाहत असतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरली आणि शाळा पुन्हा उघडल्यावरही मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना, अशी तेथे शिक्षकांची आणि पालकांची काळजी होती. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाने सभेत ठरविले आणि दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनापासून, अंमल सुरू केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवावयाचा. भोंगा वाजला की घरोघर टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करावयाचा आणि मोठ्यांनी वाचावे, बोलावे, घरातले काम करावे. भोंग्याला खर्च तो किती! पण त्याने एक गोष्ट केली. ज्या पाण्याला पाळी नव्हती, त्याला गावाने पाळी लावली.

शाळांना आणखी एक करता येईल. पालकांचे दोन ग्रुप करावेत. एक सूचनांचा, त्यात फक्त शिक्षकांनाच लिहिता यावे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तशी सोय आहे. त्यात दिवसाला एकच संदेश, ठरलेल्या वेळी, तारीख आणि काम स्पष्ट लिहून. दुसरा ग्रुप ज्यांना बोलावयाचे, शुभेच्छा द्यावयाच्या त्यांच्यासाठी. शुभेच्छा देऊ नका म्हटले तर माणसे दुखावतात. त्यांना वेगळी जागा दिली तर कोणीही दुखावत नाही आणि परीक्षेची तारीखही हरवत नाही. हाच नियम अधिकाऱ्यांनी शिक्षकांच्या ग्रुपांना लावला, तर शिक्षक त्यांना दुवा देतील!

शेवटी आपल्या रेडिओच्याच एका प्रयोगाची आठवण देतो. १९५६ साली पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साहाय्याने, महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांसाठी खास शेतकऱ्यांचे कार्यक्रम प्रसारित केले. गावोगाव ऐकणाऱ्यांची मंडळे केली होती. आठवड्यातून दोन वेळा, अर्धा अर्धा तास ऐकावयाचे, आणि मग रेडिओ बंद करून त्यावर बोलावयाचे, असा क्रम होता. आपल्या गावाला यातले काय लागू पडते, काय पडत नाही, यावर चर्चा होई आणि शंका लिहून केंद्राकडे पाठविल्या जात. असे वीस कार्यक्रम झाले. वीस कार्यक्रम म्हणजे सारे मिळून दहा तासांची माहिती. आज एखादा माणूस तेवढी माहिती तीन-चार दिवसांत बोटाखालून सरकवून टाकतो आणि आठवड्याने त्याला त्यातले काही सांगता येत नाही. त्या मंडळांत माहिती थोडी होती, पण ती वाफ्यात मुरत होती. माहिती मुरते ती बोलण्याने, विचारण्याने आणि करून पाहण्याने.

तेव्हा शिक्षकबंधूंना व भगिनींना माझी विनंती आहे की, आठवड्यातला एक तास यासाठी ठेवा. मुलांना मोबाईलवर आलेल्या दोन बातम्या वहीत लिहून आणावयास सांगा. त्या वर्गात वाचा. कोणी सांगितले, केव्हाचे आहे, खरे कशावरून, हे मुलांनाच विचारू द्या. एखादी खोटी निघेल, एखादी खरी निघेल. खरी निघाली तर तिच्यातून आपल्या गावाला काय घेण्याजोगे आहे, तेही त्यांना विचारा. दहा वर्षांचे मूल घरी जाऊन बापाला विचारील, ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ तर त्या घरातून खोटा संदेश पुढे जाणे कठीण होईल.

गृहिणी, शेतकरी, तरुण मुले, सर्वांना माझे सांगणे एवढेच आहे. आज रात्री जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन बसा; पण फीड पाहावयास नको. कोणाला वाजू द्यावयाचे याची यादी करा आणि बाकीची दारे बंद करा. अर्ध्या तासाचे काम आहे. उद्या सकाळी मोबाईल कमी वाजेल, आणि जो वाजेल तो आपल्या कामासाठी वाजेल.